गाडीतली दुसरी पेटी

सोमाजी काकाजी,

तुमच्या तेरवीच्या पंगतीला मी नव्हतो. सगळ्या गावाने पाहिलं. ज्या पोराला तुम्ही दोन वर्षं हाताला धरून शिकवलं तो जेवायला तर आला नाहीच, मांडवाच्या खांबाला टेकूनही उभा राहिला नाही, याची चर्चा पहिल्या भाताबरोबरच सुरू झाली असणार. "पत्रकवाला आता तेरवीलेबी विरोध करून राहिला काय?" असंही कुणी म्हटलं असेल. म्हणू द्या. मी कुठे होतो ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी आपलं अर्धवट राहिलेलं भांडण पूर्ण करायचं आहे. तुम्ही मध्येच उठून गेलात. हे काही बरोबर नाही केलंत.

आमच्या शेतकरी समितीतली पोरं म्हणाली, मिस्त्रींवर चार ओळी छापू. जन्म कुठला, मँगनीजच्या खाणीत नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण. मी म्हटलं, नाही. तुम्ही कुठे जन्मलात यानं कुणाचं धान मिलपर्यंत पोचत नाही. मी छापणार आहे ते हे. तोच पिवळा कागद, तोच छापखाना. फक्त खाली जिंदाबाद नाही आणि वर मुर्दाबाद नाही.

आठवतं ना, मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो कसा आलो ते? पंपांवर डिझेलचे डबे घेऊन माणसं उन्हात बसत होती ते वर्ष. लाखांदूरहून निघालेला आपला रस्ता सात कोसांवर खैरटोलीला संपतो. मध्ये चार कोसांवर चिचटोला, तिथे मोतीरामजींची राईस मिल. त्या वर्षी मोतीरामजींनी आपला ट्रक चिचटोल्याच्या पुढे पाठवणं बंद केलं. खैरटोलीच्या लोकांचं धान घरात, ओसरीवर, गोठ्यात पडून राहिलं. बैलबंडीत घालून आणलं तर "एवढ्या लांबून आणलं, आता परत कुठं नेशील?" म्हणत भाव कापायचा. मला राग आला. मला राग येतो तेव्हा मी पत्रक काढतो. "खैरटोलीच्या धानाचा चोर कोण?" असं वर छापलं आणि खाली मोतीरामजींचं नाव, छापखान्यात होते तेवढ्या मोठ्या टायपात. डिझेल लपवून ठेवलंय असंही लिहिलं. ते मी पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं.

मग समितीने जुना, इंजिन काढलेला ट्रक मिळवला. खाणीच्या लिलावात बॅटरीच्या गाडीची मोटर आणि बॅटरीच्या दोन पेट्या निघाल्या, त्याही आणल्या. डिझेल नको, मोतीरामजीही नकोत, विजेवर चालणारी गाडी. ती चालवून देणारा माणूस कोण? सगळ्यांनी एकच नाव घेतलं. खाणीच्या चार्जिंग खोलीतून निवृत्त होऊन गावी आलेले सोमाजी मिस्त्री.

तुम्ही अंगणात बसून खाटेची दोरी आवळत होता. अंगातल्या सदऱ्याला ॲसिडने पडलेली भोकं. मी पंधरा मिनिटं भाषण दिलं. तुम्ही दोरीची गाठ मारली आणि विचारलं, "सेल सुके ठेवले का ओले?"

मला कळलंच नाही.

"काहो पत्रकवाले, एवढं बोलले, अन् सेलात पाणी हाय का नाही हे पाह्यलं नाही?"

त्या दिवसापासून तुमच्यासाठी माझं नाव पत्रकवाले. रागावलात की 'अहो पत्रकवाले', लाडात आलात की 'लेका'. नावाने कधी हाक मारली नाही.

गाडी दोन महिन्यांत उभी केलीत. ती पहिल्यांदा सरकली तेव्हा आवाजच झाला नाही. बाया म्हणाल्या, "बाई, हे तं मुकी हाय." मुकी हेच नाव पडलं. मुकी लाखांदूरच्या बाजाराभोवती फिरली, मागे कुत्री भुंकायची सोडून नुसती बघत उभी. तुम्ही चाकावर हात ठेवून हसत होता. मी त्याच दिवशी छापखान्यात गेलो आणि छापून आणलं: "शेवटच्या गावापर्यंत! खैरटोलीचं धान खैरटोलीच्या गाडीत!" तुम्हाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

आणि मग सुरू झालं पेटीचं भांडण.

हे भांडण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो, काकाजी, तुम्हाला तर पाठ आहे. एका पेटीत चोवीस सेल. शिशाचे. दोन सेलांचं वजन म्हणजे एक पोतं धान. म्हणजे एक पेटी बारा पोती. एका पेटीवर मुकी दहा कोस जाते. खैरटोली जाऊन-येऊन चौदा कोस. एका पेटीत काम होत नाही. मग दोन टाका! माझ्या डोक्यात एवढं सरळ होतं. दोन पेट्या तर आहेतच. लिलावात दोन घेतल्या त्या कशाला, एक पूजेला ठेवायला?

तुम्ही म्हणालात, "दोन टाकल्या तं गाडी चोवीस पोते शिसंच वाहीन. चाळीस पोत्यांची गाडी. धानाले जागा किती राह्यली? सोळा. अन् रस्ता दुप्पट होईन असं वाटते का तुले? नाही होत."

"काहून नाही होत? पेट्या दुप्पट, रस्ता दुप्पट."

तुम्ही वाद घातला नाहीत. माझी सायकल ओढलीत, कॅरिअरवर एक सेल दोरीने बांधलात आणि म्हणालात, बसस्टँडवर जाऊन ये. मी गेलो, आलो. मग दुसरा सेल बांधलात. "आता दोन सेल. दुप्पट ताकद. अर्ध्या वेळात येजो." बसस्टँडवर लोक एसटीची वाट बघत होते. त्यांच्यासमोर माझी सायकल मागे कलंडली, पुढचं चाक वर. पानठेल्यावरच्याने विचारलं, "मोर्चा कुठं चालला?" सायकल हातात धरून चालत परत आलो, घामाने भिजून. तुम्ही खाटेवर बसून तंबाखू मळत होता.

"शिसं आधी शिशालेच वाहते, लेका," तुम्ही म्हणालात. "उरलं तं धानाले."

मला कळलं, काकाजी. त्याच दिवशी कळलं. पण मी म्हटलं, "म्हणजे खैरटोलीच्या माणसाला सांगू, तुझं गाव वजनात बसत नाही?"

हे वाक्य मला आवडलं होतं. मी ते नंतर तीन सभांत वापरलं. तुम्हाला त्या वाक्याचं उत्तर नव्हतं असं मी समजत होतो. उत्तर होतं. तुम्ही दिलंतही होतं, मीच ऐकलं नव्हतं.

"खाणीत काय करत होतो आम्ही?" तुम्ही म्हणाला होता. "गाडी येते, रिकामी पेटी नळ्यांवरून ओट्यावर सरकवायची, भरलेली आत सरकवायची, गाडी गेली. दुसरी पेटी गाडीत नोको ठेवू. वाटेत ठेव. डाकेचे बैल नाही का बदलत होते पहिले? थकलेली जोडी सोडायची, ताजी जुंपायची. ताजे बैल कोणी बंडीत बसवून नेते काय?"

वाटेत म्हणजे कुठे? पेटी ठेवायला छप्पर हवं, चार्ज करायला थ्री-फेजची लाइन हवी. सात कोसांच्या रस्त्यावर ती एकाच ठिकाणी होती. मोतीरामजींच्या मिलमध्ये.

"त्या चोराच्या दारात?" मी ओरडलो. "मी?"

"चोर तू म्हणतं. मी त्याच्या लाइनबद्दल बोलून राहिलो."

मी तुम्हाला काय काय बोललो! विकले गेले म्हणालो. मिलवाल्याच्या चहाला मिंधे झाले म्हणालो. तुम्ही मला शिव्या द्यायला हव्या होत्या. तुम्ही उठून सेलांच्या झाकणांवरची धूळ फडक्याने पुसायला लागलात, एकेक, चोवीसच्या चोवीस. तुमचा राग तसा असायचा. पुसलेल्या झाकणांवरून मी ओळखायचो.

आणि हेही लिहायला हवं, की त्याच आठवड्यात माझ्या हातावर ॲसिड सांडलं तेव्हा तुम्ही माझी कोपरापर्यंतची बाही फाडून हात पाण्याच्या टाक्यात दाबून धरला होता. मी किंचाळत होतो, तुम्ही काकीला म्हणत होता, "सोडा आण, सोडा, अन् याच्या तोंडातबी थोडा टाक." काकी रडता रडता हसली. माझ्या हातावर आज डाग आहे, हात आहे. बसस्टँडमागच्या मैदानात मला गाडी शिकवलीत तीही अशीच, ब्रेक उशिरा दाबला की पाठीत बुक्की. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्याकडे असं कुणी बोलून दाखवत नाही, आणि माझ्यासारखे तर मुळीच नाही. आमच्या तोंडात आभार बसत नाहीत, तिथे मागण्या बसलेल्या असतात.

आता दसऱ्याचं.

तुम्ही मुलीकडे वरठीला गेला होता, तीन दिवसांसाठी. जाताना म्हणालात, "गाडी हलवू नोको. तलाव भरला हाय." खैरटोलीला शिरायला तलावाच्या पाळीवरूनच, म्हणजे मातीच्या बांधावरूनच, रस्ता आहे, आणि तिथला रिवाज पंचक्रोशीला माहीत आहे. तलाव भरलेला असेल तर मोटरगाडी दहा पोत्यांच्या वर पाळीवर घ्यायची नाही. गावाचा पाणकर, तलावाचं पाणी वाटून देणारा माणूस, तोंडाशी उभा राहतो, पोती मोजतो आणि मग सोडतो. पाणकराचा शब्द तिथे पाटलाच्याही वर.

तुम्ही मला बजावलं होतं, "कधी गेलास तं पेटीचे बारा पोते पाणकराले सांगजो. शिसं पोत्यात नसते, म्हणून त्याले दिसत नाही."

तुम्ही एसटीत बसलात आणि मी दुसरी पेटी गाडीत चढवली. आठ जणांनी, पहारी लावून. दसऱ्याला खैरटोलीत गाडी पोचणार असं छापलं होतं. माझ्या छापलेल्या शब्दाला मी तुमच्या बोललेल्या शब्दापेक्षा मोठं मानलं. रेशनच्या गव्हाची दहा पोती घेतली, आंब्याची पानं लावली आणि निघालो. गाडी जड चालत होती, हे मला स्टिअरिंगमध्ये समजत होतं. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबून बसले होते. मी पोरांना गाणी म्हणायला सांगितली.

पाळीच्या तोंडाशी शिवा पाणकर उभा होता, हातात काठी. "आला का कागद? का या वेळी गाडीबी आणली?" म्हणाला. मग काठीने एकेक पोतं टोचत मोजलं. "दहा." माझ्याकडे पाहिलं. "अन् हे पेट्या?"

"बॅटरी आहे," मी म्हटलं.

"वजनदार हाय का?"

काकाजी, इथे थांबतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही. सगळे समजतात की शिवाने विचारलंच नाही. त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, "इंजिन नाही ना गाडीला, त्याच्या बदल्यात आहे ते. तेवढंच." शिवाला ते पटलं, कारण पटण्यासारखं होतं. एक पेटी असती तर ते थोडंफार खरंही होतं. त्याने काठी बाजूला घेतली.

तुडुमाजवळ, तलावातून धानाच्या बांध्यांना पाणी सोडायची ती दगडी मोरी, तिथे पाळ अरुंद होते. मागचं डावं चाक खाली गेलं. आधी फक्त एक दगड घसरल्याचा आवाज आला. मुकी तर मुकीच, तिने काही सांगितलं नाही. मग पाणी निघालं.

पुढचं तुम्ही दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलंत, पण ती दुपार तुम्ही पाहिली नाही. गाव धावलं. धानाचं तणीस, माती, पळसाच्या फांद्या. शिवा छातीइतक्या पाण्यात उतरून अंगाने भगदाडाला आडवा झाला. मी काठावर उभा राहून सूचना देत होतो. कुणीतरी मला म्हटलं, "बोलू नोको, पोतं दे." शेवटी माझ्याच गाडीतली गव्हाची पोती तोंडाला लावली तेव्हा पाणी थांबलं. माणूस कुणी गेला नाही. पण धानाला शेवटचं पाणी द्यायचे ते दिवस. शेपटाकडच्या, पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या बांध्यांना ते मिळालं नाही. त्या बांध्यांची लोंबं वरून पिवळी आणि आतून पोकळ निघाली. ज्यांचं धान मी वाहून आणणार होतो, त्यांचंच.

तुम्ही आलात. मला वाटलं आता मारता. तुम्ही चिखलात कललेल्या गाडीवर चढलात आणि नळीने एकेका सेलातलं पाणी तपासलंत. मला इतका संताप आला! गाव बुडता बुडता राहिलं आणि हा माणूस सेल पाहतो! मग तुम्ही उतरलात, शिवाकडे गेलात, त्याच्यासमोर हात जोडलेत. "माझं चुकलं. पेट्यांचे पोते मी सांगाले पाह्यजे होतं. मी सांगितलं नाही." शिवा म्हणाला, "तुमी तं इथं नव्हतेच, मिस्तरी." तुम्ही म्हणालात, "गाडी माझी हाय."

मी चार हात अंतरावर उभा होतो. सगळं ऐकत होतो. मी एक शब्द बोललो नाही.

बोललो ते आठ दिवसांनी, पिवळ्या कागदावर. "तलावाच्या पाळीची दुरुस्ती न करणाऱ्या खात्याचा धिक्कार!" दोन बाजू भरून. त्यात पेट्यांचा उल्लेख नाही. पाळ जुनी होती हे खरं आहे, दुरुस्ती झाली नव्हती हेही खरं आहे, आणि एवढी सगळी खरी वाक्यं एका खोट्यावर पांघरूण म्हणून घालता येतात, हे मी त्या दिवशी शिकलो. पत्रक तुम्हाला आणून दिलं. तुम्ही चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्यात, बोट फिरवत. मी वाट पाहत होतो.

"छपाई चांगली हाय," तुम्ही म्हणालात.

एवढंच. त्यानंतर तुम्ही पेटीबद्दल माझ्याशी कधी वाद घातला नाहीत. मला वाटलं, जिंकलो. दुसरी पेटी मी गाडीतच ठेवली. काढली असती तर कबूल केल्यासारखं झालं असतं. मुकी लाखांदूरच्या आवारात तशीच उभी राहिली, दोन पेट्यांखाली दबलेली, आणि तुम्ही दर चार दिवसांनी सायकलवर येऊन दोन्ही पेट्यांना पाणी पाजून, चार्जला लावून जात राहिलात. आपण एकमेकांना "काय", "बरं" एवढंच बोलत होतो.

मग तुमच्या छातीत पाणी झालं. भंडाऱ्याला नेलं, परत आणलं. मी रोज येत होतो आणि रोज दुसऱ्याच गोष्टी बोलत होतो. निवडणूक, ट्रान्झिस्टरवरच्या बातम्या, कुणाच्या घरी चुरणं म्हणजे मळणी झाली, कुणाचे कापलेल्या धानाचे पुंजणे अजून शेतातच आहेत. शेवटच्या आधीच्या दिवशी तुम्ही विचारलंत, "सेलांना पाणी पाजलं का?"

मी म्हटलं, "हो."

खोटं. तीन आठवडे मी आवारात गेलो नव्हतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, त्या डागाच्या हाताकडे पाहिलंत आणि डोळे मिटलेत. मी घरातून निघालो तो सरळ आवारात. पाणी पाजलं, चार्जला लावलं. दुसऱ्या दिवशी सांगायला येणार होतो. सकाळी काकीचा निरोप आला.

बाराव्या दिवशी काकीने मला आत बोलावलं. फळीवरून एक बांबूची कामडी काढली, अडीच हात लांब, वरच्या टोकाशी एक खाच. ती माझ्या पत्रकात गुंडाळली होती. धिक्काराच्या त्याच पत्रकात.

"हे गाडीचं माप हाय मने," काकी म्हणाली. "चिचटोल्याले मिलवर नेऊन देजो. गाडी घेऊनच जाजो, मनत होते."

"मिलवर? काकाजी मिलवर जात होते?"

"तीनदा गेले. तुले सांगतलं असतं तं तू पत्रक काढलं असतं."

मी कामडी घेऊन तसाच तुमच्या दाराबाहेर पडलो. दुःखाने म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं. रागाने. माझ्या पाठीमागे! त्या माणसाकडे! रात्रभर स्वतःशी भांडलो आणि आज सकाळी, तुमच्या मांडवात भाताची पातेली चढत होती तेव्हा, मुकी काढली. दोन्ही पेट्यांसकट. गाडी दोन पेट्यांनीच चालते हे त्या मिलवाल्याला दाखवून द्यायला.

मोतीरामजी मिलच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. गाडी थांबली तरी उठले नाहीत.

"ये. माझं नाव छापणारा तूच ना? तेवढ्या मोठ्या अक्षरात तं माझ्या मिलचा बोर्डबी नाही."

मी म्हटलं, "भाव कापता हे खरं आहे."

"कापतो. मंग? अन् डिझेल लपवलं होतं तेबी खरं हाय?"

मी कामडी या हातातून त्या हातात घेतली.

"तुह्या गावच्या पंपावर मी डबा घेऊन बसलो होतो, दोन दिवस. तू पाह्यलं नाही, कारण तू छापखान्यात होता." मग खुर्चीतून उठत म्हणाले, "सोमाजी मले म्हणे, पोट्टा येईन, वखत लागन. मी म्हटलं, येईन तं लाइन घे, छप्पर घे. धान आलं तं माही मिल चालते. मी काही पुण्य नाही करून राहिलो. चल, दाखवतो."

मिलच्या मागे, छपराखाली, ओटा. विटांचा, वरून सिमेंट, त्यावर ओळीने लोखंडी नळ्या. शेजारी भिंतीवर चार्जिंगची जोडणी. सगळं तयार. तुम्ही दमा लागलेल्या छातीने चार कोस सायकल मारत जाऊन तीन खेपांत ते गवंड्याकडून बांधून घेतलंत, आणि मला "काय", "बरं" म्हणत राहिलात.

मी गाडी ओट्याला लावली. बाजूचा फाळका उघडला. आणि पाहिलं, गाडीच्या हौद्याचा तळ ओट्याच्या खाली होता. चार बोटं.

"अरे! सोमाजीचं माप चुकलं?" मोतीरामजी म्हणाले. "असं तं होत नाही."

हमाल जमले. मी ती कामडी ओट्याला लावली. खाच ओट्याच्या कडेला बरोबर बसली, केसाचा फरक नाही. गाडीला लावली, खाच चार बोटं वर. मला आधी काहीच कळेना. मग तुमच्याच हातातली ती कामडी डोळ्यांसमोर आली. वरठीला निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही वाकून गाडीचं माप घेत होता. मी "काय मोजता?" असं विचारलंही नव्हतं. तेव्हा गाडीत एकच पेटी होती.

नंतर पाटे दबले. तुम्ही दर चार दिवसांनी येऊन पाहत होता की गाडी खाली बसली आहे. ओटा तरी त्या उंचीचा बांधला नाहीत. एका पेटीच्या गाडीसाठीच बांधलात, मी येईन आणि पेटी काढीन हे धरून.

पहारी लावल्या. सहा हमाल आणि सातवा मी. चार बोटं वर उचलून पहिली कड नळीवर चढवायला आमचा दम निघाला. मग पेटी सरकली. ती पुरती ओट्यावर गेली तेव्हा मुकीचे पाटे करकरले आणि गाडी वर आली, झोपेतून उठून बसल्यासारखी. मी कामडी टेकवली. खाच बसली.

मोतीरामजींनी सुपारी कातरून माझ्यापुढे धरली. मी घेतली. ते भाव कापतात आणि पुढच्या महिन्यात मी त्याबद्दल पुन्हा पत्रक काढणार आहे, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "काढ. टाइप तेवढाच मोठा ठेवजो." पण या पत्रकात हे छापतो: डिझेलचं मी न पाहता लिहिलं होतं. ते खोटं होतं.

तिथून मी परत फिरायला हवं होतं. पंगत सापडली असती. पण गाडीत एक, येताना न वापरलेली, भरलेली पेटी होती, वर चोवीस पोत्यांऐवजी बारा पोत्यांचंच शिसं, आणि समोर तीन कोसांवर खैरटोली. तलावाचं पाणी पौषात खाली उतरलेलं. पाळीच्या तोंडाशी शिवा उभा होता. गाडी रिकामी होती, तरी मी खाली उतरलो. म्हटलं, "शिवाभाऊ, ही पेटी बारा पोत्यांची आहे. दसऱ्याला अशा दोन होत्या. तू विचारलं होतंस. मी खोटं सांगितलं."

शिवाने काठी पेटीला टेकवली. म्हणाला, "मिस्तरीनं माझ्यापुढं हात जोडले होते, माहीत हाय ना तुले?"

"माहीत आहे."

"मंग आता तू त्यांच्यापुढं जोड. माझ्यापुढं नोको." आणि काठी बाजूला घेतली. "जा. हळू जा. येताना मोजून पाठवतो."

येताना अठ्ठावीस पोती होती. खैरटोलीच्या पहिल्या चुरण्याचं धान, शेपटाकडच्या बांध्यांचं नाही, त्यांचं यंदा काही नव्हतंच. त्या बांध्या असलेल्या घरच्या एका बाईने मात्र पोतं शिवायला दाभण आणून दिला, माझ्याकडे न पाहता. चिचटोल्याला पोती मिलवर उतरवली, पेटी बदलली, नळ्यांवरून, दोघांच्या धक्क्याने. लाखांदूरला पोचलो तेव्हा तुमच्या दारात पत्रावळी टाकल्या गेल्या होत्या आणि काकीने माझं पान झाकून ठेवलं होतं.

हात जोडतो, काकाजी. हे सगळं आधी करायला हवं होतं, तुम्ही ओसरीवर होता तेव्हा.

गाडी आवारात उभी आहे. एकच पेटी आहे. सेलांना पाणी पाजलं. या वेळी खरं सांगतो.